चक्रीतले शेवटचे चित्र

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. पण मित्रांनो, सिनेमा दाखवणारा नव्हे. माझी चित्रे हलत नसत. काड्यापेटीहून थोडी मोठी अशी पुठ्ठ्याची चौकट आणि तिच्यात बसवलेला रंगीत फिल्मचा तुकडा, म्हणजे स्लाइड. अशा स्लाइड माझ्या डोक्यावरच्या गोल चक्रीत एकीमागे एक उभ्या करत. बटण दाबले की ‘खटक्’ असा आवाज होई, एक स्लाइड माझ्या पोटात उतरे, मागचा दिवा तिच्यातून प्रकाश टाके आणि समोरच्या भिंतीवर माणसाहून मोठे चित्र उभे राही. चित्र सरळ दिसावे म्हणून स्लाइड उलटी घालावी लागे. ज्याला हे ठाऊक नसे त्याच्या हातून भिंतीवरची माणसे डोक्यावर उभी राहत आणि अंधारात हशा पिके.

माझी पहिली नोकरी औषधांच्या कंपनीत होती. डॉक्टरांच्या सभांत मी जठर, आतडी आणि निरनिराळ्या गोळ्यांचे आलेख दाखवले. अंधार केला की निम्मे डॉक्टर डुलक्या काढत. पुढे कंपनीने माझ्याहून हलका प्रोजेक्टर घेतला आणि मला दान करून टाकले. ज्या खोलीत मला नेऊन ठेवले तिथे आणखीही दाने होती. एकाच पायाचे बूट, गेल्या वर्षीची कॅलेंडरे, बटणे नसलेले कोट आणि कुणी कशासाठी दिली कोण जाणे, अशी टेनिसची एक जाळी. जे टाकवत नाही आणि ठेववतही नाही ते माणसे देतात, हे मी तिथे शिकलो.

ती खोली एका बालगृहाची होती. ज्यांना आई-वडील नाहीत अशी मुले तिथे राहत. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे नुसते ‘बाई’ म्हणत. बाई उंच होत्या आणि भरभर चालत. सकाळी त्या मुलांच्या डोक्यातल्या उवा बघत, कुणाचा घसा, कुणाचे गृहपाठ बघत. दुपारी बरे कपडे घालून कुणाच्या तरी थंडगार केबिनबाहेर बसून राहत. देणगी मागणे हे त्यांचे काम होते. ते त्यांना आवडत नसे आणि ते त्यांच्याइतके चांगले कुणाला जमतही नसे.

“खोली मागा, देतात. पंखा मागा, देतात. त्यावर नाव घालता येतं ना!” एकदा त्या गाडी चालवणाऱ्या मामांना म्हणाल्या. “पिठाला, साबणाला, पगाराला कुणी देत नाही.”

“मग साबणावर नाव कोरून द्या की,” मामा म्हणाले.

“दिलं असतं हो. पण आपली पोरं दोन दिवसांत देणगीदार धुऊन टाकतील.”

असे म्हणून त्या हसल्या आणि पुन्हा बाहेर पडल्या. मामा संस्थेची गाडी चालवत आणि कार्यक्रमात मला चालवत. माझे भिंग ते स्वतःच्या रुमालाने पुसत आणि पुसताना माझ्याशी बोलत. मी जे पाहिले नाही ते मला त्यांच्याकडून कळले.

बाईंना एक मुलगी होती. तिचे वडील बोटीवर नोकरीला, वर्षाकाठी एकदा घरी येत. त्यामुळे शाळा सुटली की ती बालगृहात येई आणि बाई जातील तिथे त्यांच्यामागे जाई. स्वयंपाकघरातल्या मावशींनी तिचे नाव ‘शेपूट’ ठेवले आणि तेच पडले. शेपटीला एक नियम होता. फाटकाच्या आत आईला ‘बाई’ म्हणायचे.

“इथल्या मुलांना कुणाला आई म्हणता येत नाही,” बाईंनी तिला समजावले होते. “त्यांच्यासमोर तू म्हणालीस तर त्यांना काय वाटेल?”

तिला ते पटले. लहान मुलांना अशा गोष्टी मोठ्यांपेक्षा लवकर पटतात. फक्त कधीकधी ती बाईंचा हात धरून त्यांना ओढत फाटकाबाहेर नेई, रस्त्यावर उभी राहून “आई, आई, आई, आई” असे पोटभर म्हणून घेई आणि मग दोघी पुन्हा आत येत. माझी जागा ऑफिसच्या खिडकीजवळच्या कपाटावर होती. तिथून फाटक दिसे आणि फाटकाच्या आतली पायरीही.

मी आलो तेव्हा माझ्यासाठी चित्रे हवी होती. जवळच्या फोटो स्टुडिओचे मालक फुकट फोटो काढून द्यायला तयार झाले. फोटोचा दिवस म्हणून मुलांनी केस चापूनचोपून बसवले, धुतलेले कपडे घातले आणि सगळी आनंदाने नुसती उतू जाऊ लागली. स्टुडिओवाले वैतागले.

“अहो बाई, सगळीच खिदळताहेत! एखादं तरी हिरमुसलेलं द्या.”

“हसावीत म्हणून तर सगळा खटाटोप. आता फोटोसाठी रडवू का त्यांना?”

“पण हसणाऱ्या पोरांना पैसे कोण देणार?”

“तुम्ही नाही का दिलात रोल?”

स्टुडिओवाले हसले आणि त्यांनी हसरी मुले काढली. संध्याकाळी ते सामान आवरून निघाले तेव्हा कॅमेऱ्यात एकच फोटो शिल्लक होता. फाटकाच्या पायरीवर एक छोटी मुलगी बसली होती. अंगात दानाच्या ढिगातला, सगळ्यांना वाटून उरलेला, गुडघ्यापर्यंत येणारा स्वेटर. एका चपलेचा पट्टा तुटलेला. त्या दिवशी तिची आई तिला नवी चप्पल घ्यायला नेणार होती, पण आत संस्थेच्या अध्यक्षांबरोबर बैठक चालली होती आणि ती संपता संपत नव्हती. दुकाने बंद व्हायची वेळ झाली होती. मुलगी आवाज न करता रडत होती. स्टुडिओवाल्यांनी तिला ओळखले नाही. त्यांनी कॅमेरा वर केला आणि बटण दाबले.

पहिला कार्यक्रम व्यापाऱ्यांच्या मंडळात होता. स्टुडिओतून धुऊन आलेल्या स्लाइड मामांनी दुपारी घाईघाईने माझ्या चक्रीत भरल्या होत्या. बाईंनी त्या पाहिल्या नव्हत्या. दिवे गेले. हसरी मुले भिंतीवर येऊ लागली. बाई छान बोलत होत्या, पण लोक खोकत होते, कपबशा वाजत होत्या, मागे कुणीतरी कुणाच्या तरी जागेच्या भावाबद्दल बोलत होते. मग ‘खटक्’ झाले आणि शेवटचे चित्र उतरले.

सभागृह गप्प झाले.

बाईंनी वळून पाहिले. मी त्यांच्या अगदी जवळ होतो. माझ्या उजेडात त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. “ही…” त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटेना. त्या थांबल्याच. पहिल्या रांगेतल्या एक आजी हळूच म्हणाल्या, “अगं बाई, एवढीशी पोर! हिचं कुणीच नाही का हो?”

मामांनी गोंधळून बटण दाबले, पण पुढे चित्रच नव्हते. भिंतीवर नुसता पांढरा उजेड पडला. तेवढ्यात दिवे लागले. आजी डोळे पुसत होत्या. मागच्या रांगेतला जागेवाला पाकीट काढत होता. एकेक करत माणसे उभी राहू लागली.

“काय थांबलात तुम्ही, बाई!” परतताना अध्यक्ष म्हणाले. ते कापडाचे मोठे दुकानदार होते, मनाने वाईट नव्हते. “ते चित्र शेवटीच ठेवत जा. आणि तशाच थांबत जा.”

ते उतरून गेल्यावर गाडीत मामा म्हणाले, “बाई, ती आपली शेपूट होती.”

“हो.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“सांगणारच होते. आवाज फुटला नाही. आणि मग सगळे उभेच राहिले हो, मामा.”

त्या वर्षी मुलींच्या खोलीवरचे गळके छप्पर बदलले. नव्या गाद्या आल्या. शेपूट त्या गाद्यांवर सगळ्या मुलींबरोबर मनसोक्त उड्या मारत होती. मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगतो. त्या चित्राने जे आणले ते खोटे नव्हते. गाद्या खऱ्या होत्या.

पुढे माझे भरभराटीचे दिवस आले. शाळा, कारखाने, कचेऱ्या, मोठ्या लोकांची घरे, सगळीकडे मला नेत. माझ्याकडे बघून लोक म्हणत, काय झकास यंत्र आहे! बाईंचे बोलणे आता घोटून घोटून पक्के झाले होते. शेवटच्या चित्राला त्या थांबत. मग खालच्या आवाजात म्हणत, “हिला कुणी नाही. तुम्ही आहात.” आणि समोरच्याकडे हात पुढे करत. पहिल्यांदा हे वाक्य म्हणाल्या त्या दिवशी त्यांनी परत येऊन जेवणाला हात लावला नाही. नंतर नंतर त्या जेवत.

त्या चित्राचे पोस्टरही झाले. औषधांच्या दुकानात, वाण्याच्या गल्ल्यावर, बसच्या थांब्यावर ती मुलगी बसून रडू लागली. मग एक दिवस ते शाळेच्या फळ्याशेजारी लागले. शेपूट तेव्हा दुसरीत होती.

“ही तू ना?” शेजारच्या मुलीने विचारले.

“हो.”

“म्हणजे तू त्या अनाथाश्रमातली? मग तुला डबा कोण देतं?”

“माझी आई.”

“चल, थापाडी!”

दुसऱ्या दिवसापासून वर्गातली मुले तिला आपल्या अर्ध्या झालेल्या पेन्सिली देऊ लागली. कुणी खोडरबर दिले, कुणी रिबन. त्यांच्या मनात दयाच होती. शेपूट ते सगळे ओंजळीत घेऊन पळत ऑफिसात आली. बाई फोनवर बोलत होत्या.

“आई!”

बाईंनी फोनवर हात ठेवला. “फाटकाच्या आत काय म्हणायचं?”

मुलीने ओंजळ टेबलावर रिकामी केली. मग म्हणाली, “बाई, तुम्ही सगळ्यांना सांगाल का, की मी तुमची आहे?”

बाईंनी फोन ठेवून दिला. त्यांनी तिला जवळ ओढले, तिच्या केसांवर गाल टेकला. मग म्हणाल्या, “सांगते हं. एवढी पाण्याची टाकी होऊ दे.”

टाकी झाली. मग एका मुलाच्या हृदयाचे ऑपरेशन निघाले. ते होईतो मावशींचे पगार थकले. मग पावसाळ्यात कुंपण पडले. मुलीला एवढेच हवे होते की एकदा, चारचौघांत, ते चित्र भिंतीवर असताना आईने म्हणावे, ही माझी मुलगी. ती हट्ट करणारी नव्हती. वर्षातून एकदा विचारी आणि बाई तितक्याच प्रेमाने पुढचे वर्ष दाखवत.

एकदा बाईंनी खरेच मनाशी ठरवले. त्या अध्यक्षांना म्हणाल्या, “ते चित्र काढून टाकते. किंवा खरं सांगून टाकते.”

अध्यक्ष कितीतरी वेळ चहा ढवळत बसले. “सांगा ना. मी कोण नको म्हणणारा? पण मग लोक काय म्हणतील, तेही ऐकायची तयारी ठेवा. म्हणतील, एक पोर घरातली निघाली, बाकीचीही कुणाकुणाची उसनी आणली असतील. आजवर दिलेलं परत मागायला येतील ते वेगळंच. तुमचं काय, तुम्ही तुमच्या मुलीला घेऊन घरी जाल. इथली पोरं कुठं जायची?”

बाई उठून खिडकीशी आल्या. बाहेर मुले टेनिसच्या जाळीचा झोपाळा करून झुलत होती. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. पुढच्या कार्यक्रमाला ते चित्र चक्रीत होतेच.

मुलगी मोठी झाली. कॉलेज संपले, दूरच्या शहरात नोकरी लागली. जायच्या आधी संस्थेचा वर्धापनदिन आला. शहरातले सर्वांत मोठे नाट्यगृह घेतले होते. आदल्या दिवशी बाईंनी आपण होऊन मुलीला आणि मामांना ऑफिसात बोलावले.

“उद्या सांगणार आहे मी,” त्या म्हणाल्या. “मामा, शेवटचं चित्र आलं की मी थांबेन. मग तुम्ही दिवे लावायचे. आणि तू मागच्या रांगेत उभी राहा गं. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत.”

“नक्की?” मुलीने विचारले.

“नक्की. पुरे झालं आता.”

दुसऱ्या दिवशी मामांनी माझे भिंग इतके पुसले की मलाच लाज वाटली. मुलीने निळा नवा ड्रेस घातला होता. ती मागच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसली.

पण त्याच दुपारी एक बातमी आली होती. ज्या सरकारी मदतीवर बालगृहाचा अर्धा खर्च चाले, ती पुढच्या महिन्यापासून बंद होणार होती. बाईंनी ती कुणालाच सांगितली नव्हती. फोनवर त्यांनी ती परत परत विचारून घेतली होती, म्हणून कपाटावरच्या मला ती कळली. मंचावर त्या माझ्या टेबलाची कड धरून उभ्या होत्या.

चित्रे सरकत गेली. शेवटचे उतरले. बाई थांबल्या. अंधारात, दूर मागे, एक खुर्ची हलल्याचा आवाज झाला. मुलगी उभी राहिली होती. माझ्याजवळ उभ्या मामांचा हात दिव्यांच्या बटणावर होता. बाई त्या अंधाराकडे बघत होत्या. त्यांचे ओठ उघडले.

“हिला कुणी नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आहात.”

आणि त्यांनी हात पुढे केला.

कार्यक्रम संपल्यावर मला गाडीच्या मागच्या सीटवर ठेवले. गाडीला टेकून दोघी मायलेकी उभ्या होत्या. काच खाली होती.

“मी उभी राहिले होते,” मुलगी म्हणाली.

“बघितलं मी.”

“एवढ्या अंधारात?”

“अंधारातही माझं मूल मला दिसतं गं.”

“मग तेवढंच सांगायचं होतं, आई.”

बाईंना मदत बंद होण्याची बातमी सांगता आली असती. त्यांनी ती सांगितली नाही. मुलगी दोन दिवसांनी गेली. त्यानंतर ती येई, सणावाराला नव्हे, अधूनमधून. घरी येई, बाईंची औषधे आणून देई, पण बालगृहाच्या फाटकाच्या आत तिने पाऊल टाकले नाही.

बालगृह वाचले. त्या चित्राने वाचवले. मग काळ बदलला. कॉम्प्युटर आले, माझी चित्रे त्यांत भरून घेतली आणि मला परत त्याच खोलीत ठेवले. तिथे आता नवी दाने होती, तुटके कीबोर्ड आणि जाड पाठीचे टीव्ही. माझ्या पंख्यात कोळ्याने जाळे केले. मधूनच मामा येत, रुमालाने भिंग पुसून जात. तेही थकले होते. बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या नावाची पितळी पाटी ऑफिसच्या दारावर लागली. पाटी लावण्याचा खर्च एका देणगीदाराने दिला होता, त्याचेही नाव खाली बारीक अक्षरांत होते.

एके सकाळी मामांनी मला उचलले आणि रिक्षात घातले. बाईंच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. उजवी बाजू गेली होती आणि बोलणेही गेले होते. मुलगी नोकरी सोडून आली होती. बाईंना भरवणे, पुसणे, कुशीवर वळवणे, सगळे तीच करी. बाई प्रत्येक गोष्टीला “हे” म्हणत. पाण्याला हे, खिडकीला हे. मुलीकडे बोट करूनही, “हे.”

बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक तरुण थेरपिस्ट येत असे. ती म्हणाली होती, “आठवणीतलं काहीतरी दाखवून बघा. नवं बोलणं जातं, पण कधीकधी पाठ झालेलं आतमध्ये शाबूत असतं. ते निघालं की त्याला धरून बाकीचंही येतं.”

म्हणून मी तिथे होतो. भर दुपारी त्यांनी पडदे ओढले. मामांनी पलंगासमोरच्या भिंतीकडे माझे तोंड केले. बाईंना उशांना टेकवून बसवले होते आणि शेजारच्या खुर्चीवर मुलगी होती. इतक्या वर्षांनी दिवा लागला तेव्हा माझ्या अंगाला जळक्या धुळीचा वास आला.

हसरी मुले येऊन गेली. बाई बघत होत्या. “हे,” त्या म्हणाल्या. “हे… हे.” मुलगी प्रत्येकाचे नाव सांगत होती, हा आता बेकरी चालवतो, ही नर्स झाली. तिच्या आवाजात आशा होती. मला ती ऐकवत नव्हती, कारण चक्रीत पुढे काय आहे ते मला ठाऊक होते.

खटक्.

मुलगी पुढे झुकली. “आई,” ती म्हणाली, “ही कोण? सांग बघू. ही कोण आहे?”

बाईंची पाठ उशीपासून सुटली. मान ताठ झाली. त्या थांबल्या, नेहमी थांबत तितक्याच. आणि मग स्वच्छ, न अडखळता, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा खालच्या आवाजात म्हणाल्या, “हिला कुणी नाही. तुम्ही आहात.”

त्यांनी डावा हात मुलीकडे पुढे केला. “आपण काय द्याल?”

मामा दाराकडे तोंड करून उभे राहिले. मुलीने आपला हात त्या हातात दिला. बाईंनी तो प्रेमाने दाबला, देणगीदाराचा दाबत तसा.

“संस्था आपली ऋणी राहील,” त्या म्हणाल्या आणि त्यांची नजर पुढच्या खुर्चीकडे गेली. तिथे कुणी नव्हते.

त्या दिवशी दुसरे काही त्या बोलल्या नाहीत. नंतरही नाही. थोड्याच दिवसांनी त्या गेल्या.

शोकसभा बालगृहातच झाली. मला एका टेबलावर ठेवले होते आणि पुढ्यात पुठ्ठ्याची पाटी होती, ‘बाईंचे यंत्र’. मुले सतरंजीवर बसली होती. त्यांच्या मागच्या खुर्च्यांवर मुलगी होती. किती वर्षांनी ती त्या फाटकातून आत आली होती. संस्थेचे नवे संचालक तरुण होते, कामसू होते. बाईंना त्यांनी उतारवयातच पाहिले होते. बोलता बोलता त्यांनी कॉम्प्युटरचे बटण दाबले आणि पडद्यावर ते चित्र आले, मी कधी दाखवले नसेल इतके मोठे.

“ही चिमुरडी आज कुठे असेल, कुणास ठाऊक,” ते म्हणाले. ते मनापासून बोलत होते. “पण जिथे असेल तिथे तिला सांगावंसं वाटतं, बाळ, तुला कुणी नव्हतं, पण बाई तुझ्या होत्या.”

मामांनी वळून मुलीकडे पाहिले. आता तिला अडवणारे कुणी नव्हते. अध्यक्ष केव्हाच गेले होते, बाईही गेल्या होत्या. उठून तीन शब्द बोलायचे होते. तिने सतरंजीवरच्या मुलांकडे पाहिले. त्यांच्या अंगावर धुतलेले कपडे होते आणि स्वयंपाकघरातून त्यांच्या जेवणाचा वास येत होता. संचालकांनी बाईंच्या नावाने मदतीचे आवाहन सुरू केले. ती बसून राहिली.

तिच्या पायाशी बसलेली एक छोटी मुलगी पडद्याकडे बघत होती. तिने मागे वळून विचारले, “ती का रडतेय?”

“तिच्या आईला यायला उशीर झालाय,” मुलगी म्हणाली.

“मग? आली का?”

मुलीने तिच्या विस्कटलेल्या भांगावरून हात फिरवला. छोटीने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग ती पुन्हा पडद्याकडे बघू लागली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगून मी माझे बोलणे संपवायला हवे. तसे मी सांगणार नाही. माझा दिवा गेला आहे, तसला दिवा आता कुठे मिळत नाही आणि त्याचे मला दुःख नाही. मी ज्या बाईंकडे राहिलो त्या चांगल्या होत्या. त्यांनी कितीतरी मुलांना आत घेतले, हे कुणी विसरू नये. पण तुमच्यासाठी कुणी पायरीवर थांबले असेल, तर हातातले काम कितीही मोठे आणि कितीही चांगले असू द्या, आधी उठा आणि बाहेर जा. त्या माणसाचे चित्र होऊ देऊ नका.